आठवी ‘अ’, दोनदा तपासलेली

मुलं तिला परतबाई म्हणत. तोंडावर नाही, मागून. पण शाळेत मागून म्हटलेलं कोणाला ऐकू येत नाही, असं फक्त मुलांनाच वाटतं. भूगोल शिकवताना दर दोन वाक्यांनी “परत सांगते” म्हणायची तिची सवय पहिल्या वर्षापासूनची, आणि नोकरीला आता सव्वीस वर्षं झाली होती. ते नाव तिला मनातून आवडायचं. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायला न कंटाळणारी बाई, असा अर्थ तिने त्याला लावला होता आणि त्या अर्थावर तिचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी मात्र गडबड व्हायला लागली. आधी बारीकसारीक. सातवीच्या वर्गात जाऊन तिने आठवीचा गृहपाठ मागितला, कोणीच वही दाखवेना म्हणून अख्ख्या वर्गाला उभं केलं, आणि दहा मिनिटांनी पहिल्या बाकावरची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, आम्ही सातवी आहोत.” नद्यांचा धडा तिने आठवी ‘अ’ला मंगळवारी शिकवला आणि बुधवारी तोच धडा, त्यातल्या विनोदासकट, पुन्हा शिकवला. वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही. बाई परत सांगतातच, त्यात नवीन काय, असं म्हणून पोरं गुमान ऐकत बसली आणि विनोदाला दुसऱ्यांदा हसलीसुद्धा. तिला हे कळलं आठवड्याने, वह्या तपासताना. प्रत्येक वहीत तोच धडा दोन तारखांखाली दोनदा उतरवलेला. 

आता कोणी म्हणेल, वय झालं. वयबिय काही झालं नव्हतं. पन्नाशी नुकती ओलांडली होती आणि चाळीस मुलांचा आवाज ती अजून एका नजरेत बंद करू शकत होती. झालं होतं ते असं, की त्या वर्षी शाळेतले तीन शिक्षक सोडून गेले आणि त्यांच्या जागी आलं फक्त एक नवीन वेळापत्रक. भूगोलाच्या दुसऱ्या बाई एका दुपारी डबा धुवायला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. आठ दिवसांनी त्यांचा राजीनामा आला. त्यांचे तास हिच्याकडे. रजेवर असलेल्यांचे बदली तास हिच्याकडे. आणि शिकवणं उरकलं की माहिती. रोज माहिती! किती मुलं आली, किती उशिरा आली, किती पंखे चालू, किती नळ बंद. हे सगळं मोबाइलवर भरायचं, मग तेच कागदावर लिहायचं, मग त्या कागदाचा फोटो काढून पुन्हा मोबाइलवरच पाठवायचा. ज्या कोणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं त्याला एकदा शेवटच्या तासाला आठवीसमोर उभं करायला हवं होतं. पण असल्या माणसांना वर्गात कोणी पाठवत नाही.

सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला खोलीत बोलावलं.

“सातवीतल्या एका पालकांचा फोन आला होता.”

“माझी चूक झाली, बाई.”

“चूक कोणाच्या हातून होत नाही? मी रागवायला बोलावलेलं नाही तुम्हाला. परीक्षा विभागात एक जागा आहे. टेबल, खुर्ची, खिडकी. डोक्याला कटकट नाही, मुलं नाहीत. पुढच्या महिन्यात एक नवीन मुलगी शिकवायला येतेय, तुमचे वर्ग तिला देऊ. शुक्रवारपर्यंत सांगा मला, वर्ग ठेवताय की सोडताय.”

मुलं नाहीत, हे त्यांनी अगदी आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं. आणि तिला खरंच हायसं वाटलं. खांदे आपोआप खाली आले. दाराबाहेर आल्यावर मात्र ती जागीच थांबली. सव्वीस वर्षं जी बाई मुलांवाचून राहू शकत नाही असं स्वतःला समजत होती, तिला मुलं नाहीत म्हटल्यावर हायसं का वाटावं? ही कोण बाई हायसं वाटून घेत होती? तास सुरू होऊन गेला होता, म्हणून ती वर्गाकडे निघाली आणि जाताना तिने दारावरची पाटी दोनदा वाचली.

मंगळवारी त्याहून मोठं काहीतरी निघालं.

या शाळेत पेपर तपासायची एक रीत होती. सहामाहीच्या उत्तरपत्रिकेवरचं मुलाचं नाव कागद दुमडून चिकटवून टाकायचे. वर फक्त अनुक्रमांक. तपासणाऱ्याने उत्तरपत्रिकेवर एक रेघसुद्धा ओढायची नाही, प्रश्नवार गुण वेगळ्या तक्त्यात लिहायचे. मग तोच गठ्ठा दुसऱ्या शिक्षकाकडे जायचा, त्याचा वेगळा तक्ता व्हायचा, आणि दोन्ही तक्ते पर्यवेक्षक सर शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. एकाच्या रागालोभाचा फटका मुलाला बसू नये म्हणून कोणी शहाण्याने ही रीत घालून दिली होती. रीत चांगलीच होती, फक्त त्यासाठी शिक्षक दोन लागत.

पर्यवेक्षक सर माणूस वाईट नव्हते. पण हातात फूटपट्टी दिली तर आभाळ मोजायला निघतील असा स्वभाव. त्यांनी तिला टेबलाशी बोलावलं आणि दोन तक्ते पुढे सरकवले.

“बाई, हा तक्ता कोणाचा?”

“माझा.”

“आणि हा?”

“हाही माझाच. तो आठवी ‘अ’चा, हा आठवी ‘ब’चा.”

“‘ब’चा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. त्याची दोरीसुद्धा सुटलेली नाही. हे दोन्ही ‘अ’चेच आहेत. अनुक्रमांक बघा की.”

तिने पाहिलं. तेच एक ते बेचाळीस अनुक्रमांक; ‘ब’चे तर त्रेचाळीसपासून पुढे होते. शिपाईमामांना बोलावलं तर ते हात झाडून मोकळे झाले. “सर म्हणाले, भूगोलाचा गठ्ठा दुसऱ्या बाईंना नेऊन द्या. दुसऱ्या बाई आहेत कुठे? मग मी यांनाच दिला.” यात मामांचं काय चुकलं, हे सरांनाही सांगता आलं नाही.

“ते असू दे,” सर म्हणाले. “पण बाई, एकाच मुलाला तुम्ही गुरुवारी चाळीसपैकी अठ्ठावीस दिलेत आणि शनिवारी सतरा. पहिल्या तक्त्यात नापास दोन, दुसऱ्यात नऊ. आणि कमाल म्हणजे पहिल्यातले दोघे दुसऱ्यात पास! मी वर काय पाठवू?”

गुण वेगळे आले याचं तिला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. बेचाळीस पेपर तिने दोन दिवसांच्या अंतराने पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचले होते आणि एकाही पानावर तिला हे आपण वाचलंय असं वाटलं नव्हतं, हे तिच्या डोक्यातून जाईना. नावं झाकलेली होती, खरं आहे. पण नावं तिला कधी लागलीच नव्हती. ऊकार तीन ओळी खाली ओढणारा कोण, नकाशातल्या समुद्रात मासे काढणारी कोण, उत्तर येत नसलं की अक्षर मोठं करणारा कोण, हे तिला पानाचा कोपरा पाहून कळायचं. स्टाफरूममध्ये इतर शिक्षक बिननावाची वही सापडली की तिच्याकडे आणत. ती बाई कुठे गेली?

“सरासरी काढू,” सर म्हणाले. “अठ्ठावीस आणि सतरा, साडेबावीस. विषय संपला.”

मोठ्या बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यात काय काथ्याकूट करायचाय? जास्त असतील ते द्या. मुलं खूश, पालक खूश.” प्रत्येकाकडे हिशोब तयार होता. त्यातलं खरं कोणतं, हे कोणी विचारत नव्हतं, आणि तिने विचारलं तर दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषय सोडून दिला.

घरी नवरा पुढच्या खोलीत मशीनवर होता. शिंपीकाम त्याचं, घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. तिने पिशवी ठेवली आणि कापडाच्या ढिगावरच बसली. एरवी ढिगावर बसलेलं त्याला खपत नसे.

“अहो, एकाच माणसाचं दोनदा माप घेतलं आणि दोन वेगळी मापं आली तर काय समजता तुम्ही?”

“गिऱ्हाईक हललं असं समजतो.”

“गिऱ्हाईक हललं नसेल तर?”

“मग माझं लक्ष नव्हतं.” त्याने मशीन थांबवलं. “काय झालं?”

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, हायसं वाटल्याचंसुद्धा. त्याने मधे तोंड घातलं नाही, फक्त सुईतला दोरा दोनदा काढून दोनदा ओवला.

“डॉक्टरकडे जाऊ या का?”

“जाऊन काय सांगू? कुठे दुखतंय म्हणू?”

“ते तूच सांगायचं ना.”

“तेच तर कळत नाहीये मला.”

“मग सोड ना वर्ग. मी कधी अडवलंय का तुला? टेबलावर बस, वेळेवर घरी ये.” तो चांगल्या मनानेच बोलला, पण तिला त्याचा भयंकर राग आला. उठून ती आत गेली आणि अर्ध्या मिनिटात परत बाहेर आली. म्हणाली, “तुम्हाला उद्यापासून शिवायचं सोडा, नुसती बटणं मोजत बसा म्हटलं तर?” तो म्हणाला, “बटणं मोजायलाही कोणीतरी लागतंच.” मग दोघंही थोडं हसले. हसल्याने काही सुटलं नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर तिला चक्क एक रिकामा तास मिळाला. प्रयोगशाळा मोकळी होती. तिने दोन्ही तक्ते आणि गठ्ठा तिथल्या लांब टेबलावर मांडला. तपासताना मधेच उठावं लागलं तर त्या अनुक्रमांकापुढे ती बारीक अक्षरात वेळ टाकत असे. कुठे थांबलो ते सापडावं म्हणून, इतकंच. त्या वेळा पाहता पाहता तिची नजर अडखळली.

पहिल्या तक्त्यात अनुक्रमांक सोळापर्यंत गुण बेताचे होते. सतरापासून एकदम भरभराट. बावीस, सव्वीस, एकतीस, तेहतीस. सोळाच्या पुढे वेळ होती, पावणेचार. पावणेचार वाजता काय झालं होतं? तिने मोबाइल काढून जुने निरोप चाळले. गुरुवारी पावणेचारला निरोप आला होता: आजची बैठक रद्द.

दुसऱ्या तक्त्यात तेवीसपर्यंत सगळं ठीकठाक. चोवीसपासून घसरगुंडी. नऊतले आठ नापास तेवीसनंतरचे. तेवीसपुढे वेळ होती, बारा दहा. शनिवारी बारा वाजून दहा मिनिटांनी निरोप आला होता: आपली माहिती अपूर्ण आहे. आजच भरा. विलंबाचं कारण लेखी द्या.

हे मुलांचे गुण नव्हतेच. हा तिचाच आठवडा होता, आकड्यांत उतरलेला. बैठक रद्द झाली म्हणून कोणी हुशार ठरला होता आणि कुणा साहेबाने डोळे वटारले म्हणून आठ पोरं नापास झाली होती. त्यांनी काय लिहिलंय याचा यात संबंध कुठे होता? आणि मग पुढचा विचार आला, तो तिला थांबवता येईना. हे याच आठवड्यात झालं, की कायम असंच होत होतं? सव्वीस वर्षांत हजारो पेपर. तेव्हा कोणी तिच्याकडून दोनदा तपासून घेतले नव्हते म्हणून कळलं नाही, एवढंच? ज्यांना तिने भूगोलात कच्चा म्हणून सांगितलं ती मुलं खरंच कच्ची होती, की त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं? स्वतःला चांगली शिक्षिका म्हणवून घेताना ती कशाच्या जोरावर म्हणत होती? तास संपल्याची घंटा झाली. तिला गठ्ठ्याची दोरीसुद्धा नीट बांधता येईना, सारखी निरगाठीऐवजी सुरगाठ बसत होती.

गुरुवारी तिने जे केलं ते नियमात बसत नव्हतं. आठवी ‘अ’च्या वर्गात ती दोन्ही तक्ते आणि गठ्ठा घेऊन गेली, टेबलावर ठेवला आणि सरळ सांगून टाकलं.

“तुमचे पेपर मी चुकून दोनदा तपासले. दोन्ही वेळा वेगळे गुण आले. चूक तुमची नाही, माझी आहे. आता एकेकाने माझ्याजवळ यायचं, आपला पेपर मोठ्याने वाचायचा आणि आपण दोघांनी मिळून गुण द्यायचे.”

मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “परत?” आणि सगळा वर्ग खदखदून हसला. तीही हसली, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिने फळा पुसायच्या निमित्ताने लपवलं.

चौथ्या नंबराला एक मुलगी आली. मोत्यासारखं अक्षर, कधी तोंडातून शब्द न काढणारी. दोन्ही तक्त्यांत हिचे गुण जवळजवळ सारखे होते. छत्तीस आणि पस्तीस. निदान इथे तरी दोन्ही वेळा आपण एकच होतो, असं परतबाईला वाटलं आणि तिने निवांत खुर्चीला पाठ टेकली. मुलगी वाचत होती. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यांना खारे वारे म्हणतात. मुलगी थांबली. पुन्हा तेच वाक्य मनात वाचलं असावं.

“बाई, हे चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात वारे. मी उलटं लिहिलंय. आणि रात्रीचंही उलटंच.” तिने तक्त्यावर बोट ठेवलं. “तुम्ही दोन्ही वेळा पाचपैकी पाच दिलेत.”

परतबाईने पेपर हातात घेतला. खरंच उलटं होतं. ठळक, सुबक, समासासकट उलटं. हे तर ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. सव्वीस वर्षं तिने फळ्यावर समुद्र काढला होता, जमीन काढली होती आणि बाण ओढले होते.

“मग किती द्यायचे?” तिने विचारलं.

“शून्य,” मुलगी म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहत, अगदी खालच्या आवाजात, “बाई, तुम्हाला बरं नाहीये का?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कधी सांगता, काय पाठवू, जाऊ या का, सोड ना, हे सगळं विचारून झालं होतं. परतबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला कळलं की हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, तिला स्वतःलाच ते ठाऊक नाही. ती म्हणाली, “नसावं बहुतेक.” मुलीने मान हलवली, जणू हे उत्तर तिला पटलं, आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

त्या दिवशी नऊ पेपर झाले. नवव्या पेपरपर्यंत तिला दोन मुलांची अक्षरं ओळखू आली, तीही मुलगा समोर उभा होता म्हणून ओळखली की खरोखर, हे तिला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी ती मोठ्या बाईंसमोर बसली. पर्यवेक्षक सरांनी आदल्या दिवशीचा प्रकार त्यांच्या कानावर घातलेला होताच.

“मुलांना बसवून गुण ठरवलेत म्हणे?”

“नऊ जणांचे. उरलेल्या तेहतीसांचे दुसऱ्या कोणीतरी तपासावेत. माझे दोन्ही तक्ते रद्द करा. मीच लेखी देते तसं.”

“आणि वर्गाचं काय ठरलं? ठेवताय की सोडताय?”

“रजा हवी आहे.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “हे मी विचारलं नव्हतं.”

“माहीत आहे. पण मला त्याचं उत्तर आत्ता देता येत नाही. आत्ता दिलं तर तेही कोणत्यातरी निरोपानंतर दिलेलं असेल.” तिने अर्ज पुढे केला. मोठ्या बाईंनी वाचायला घेतला आणि कारणाच्या रकान्याशी थांबल्या. या शाळेत रजेच्या अर्जावर कारण म्हणून सगळे ताप लिहीत. लग्नाला जायचं तरी ताप, भांडण झालं तरी ताप, रडू आवरेना तरी ताप. परतबाईने लिहिलं होतं: मुलांची अक्षरं ओळखू येत नाहीत. डॉक्टरांना दाखवायचं आहे.

“हे असं वर पाठवायचं मी? ताप लिहा, बाई. उगाच चर्चा होईल.”

“ताप नाहीये हो मला.”

मोठ्या बाईंनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. बाहेर प्रार्थनेच्या रांगा लागत होत्या, कोणीतरी कोणाला तरी ढकललं म्हणून ओरडत होतं. परतबाईचं लक्ष सवयीने तिकडे गेलं, कोणत्या वर्गाचा आवाज म्हणून, आणि तिला नक्की सांगता आलं नाही.

“परत रुजू होण्याची तारीख,” मोठ्या बाईंनी अर्जावर बोट ठेवलं. “हे कोरं सोडलंत.”

“मला ठाऊक नाही.”

“मुलांना काय सांगतो आपण? उत्तर ठाऊक नसलं तरी कोरं सोडायचं नाही. काहीतरी लिहा.”

तिने पेन घेतलं. तारखेच्या जागेवर हळूहळू, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर जुळवत, तिने लिहिलं: येईन.

मोठ्या बाईंनी कागद फिरवून पाहिला. “तारीख विचारली होती, बाई.”

“अर्धे गुण द्या,” ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी सही केली.